नाव एकाचे, नाणे दुसऱ्याचे

मराठी माणूस नाणी जमवणारा असो वा नसो, नाण्यांची भाषा तो रोज बोलतो. बोलण्या-वागण्यात चोख असलेल्या माणसाला आपण खणखणीत नाणे म्हणतो. एखाद्याच्या नावाला बट्टा लागतो. मोड न केलेल्या अख्ख्या रुपयाला पूर्वी बंदा रुपया म्हणत. आज निखळ माणसाला ते विशेषण लावतो. पोतदार हे आडनाव ज्या हुद्द्यावरून आले, त्या हुद्देदाराचे काम सरकारी खजिन्यात येणारे नाणे पारखून घेण्याचे होते. मी कवी आहे, नाणेतज्ज्ञ नाही. माझे शिक्षणही मराठी घेऊन बी. ए. एवढेच. पण या शब्दांचा माग काढत गेलो आणि नाण्यांपाशी पोहोचलो. घरातल्या उर्दूमुळे फारसी अक्षरे लावता येत होती, त्याचा उपयोग झाला. तेव्हापासून ओळखीपाळखीची माणसे जुना रुपया रुमालात बांधून माझ्याकडे घेऊन येतात.

बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : याचे किती येतील? प्रश्न चुकीचा नाही. अडीनडीला घरातली चांदी बाहेर काढावीच लागते. पण हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, हे नाणे कोणाचे? त्याचे उत्तर मिळेपर्यंत किमतीचे उत्तर कोणी प्रामाणिकपणे देऊच शकत नाही. आणि गंमत अशी, की नाण्यावर जे नाव असते त्याचेच ते नाणे असेल, जे साल असते त्याच साली ते पडले असेल, असा भरवसा देता येत नाही. म्हणून नव्याने नाणी जमवू पाहणाऱ्यांसाठी, आणि आजीच्या डब्यात चार रुपये सापडले आहेत अशांसाठी, आज थोडे नाणे वाचण्याविषयी.

हातातला रुपया आधी कडेने पाहावा. कड सारखी, गोलाकार, बारीक रेघांची असेल तर तो यंत्रावर पाडलेला. त्याला आपल्याकडे कलदार म्हणत. कल म्हणजे यंत्र, कळ. कड ओबडधोबड, जाडी कमी-जास्त आणि अक्षरे अर्धवट कापलेली असतील तर तो हातोड्याने पाडलेला. टांकसाळीत चांदीचा वजन केलेला तुकडा दोन ठशांमध्ये ठेवून वरून घाव घालीत. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे संपूर्ण मजकूर एका नाण्यावर सहसा उतरत नसे. एका रुपयावर राजाच्या नावाचा शेवट दिसेल, दुसऱ्यावर गावाच्या नावाचा आरंभ. ज्या नाण्यावर गावाचे नाव आणि साल दोन्ही पुरते उतरले आहे, त्याला संग्राहक जास्त किंमत देतात ती यासाठी.

अशा नाण्यावर एक शब्द हमखास शोधावा, ‘जर्ब’. मूळ अरबी शब्द, अर्थ घाव किंवा ठोका. मराठीत ‘जरब बसणे’ म्हणतो ती जरब याच मुळातली. नाण्यावर जर्ब या शब्दाला जोडून टांकसाळीच्या गावाचे नाव येते. ‘जुलूस’ हा दुसरा शब्द. आज जुलूस म्हणजे मिरवणूक. नाण्यावर त्याचा अर्थ तख्तावर बसणे. बादशहाच्या राज्यारोहणाला कितवे वर्ष चालू आहे तो आकडा त्याच्या आसपास सापडतो. आणि ‘सिक्का मुबारक’ म्हणजे मंगल नाणे. हाच सिक्का मराठीत शिक्का झाला आणि शिक्कामोर्तब होऊन कचेरीत जाऊन बसला. फारसी येत नसलेल्यालाही हे तीन शब्द आकाराने ओळखायला आठवडाभराचा सराव पुरतो.

आता नावाकडे येऊ. आपल्याकडे घरोघरी सापडणाऱ्या हातघडणीच्या रुपयांवर सर्वांत जास्त वेळा येणारे नाव शाह आलम बादशहाचे. हा दुसरा शाह आलम १७५९ मध्ये बादशहा झाला आणि १८०६ मध्ये वारला. तो स्वतः कवी होता, ‘आफताब’ म्हणजे सूर्य या नावाने लिहीत असे. पण या सूर्याचे राज्य मावळलेले होते. १७८४ पासून दिल्लीचा कारभार महादजी शिंद्यांच्या हाती आला. १७८८ मध्ये गुलाम कादिर या रोहिल्याने लाल किल्ल्यात शिरून बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने दिल्ली परत घेतली आणि त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले. १८०३ मध्ये दिल्ली इंग्रजांच्या ताब्यात गेली, तेव्हा तोच आंधळा बादशहा त्यांच्या आश्रयाला आला. ज्याला स्वतःचे नाणे पाहताही येत नव्हते, त्याच्या नावाने पुण्यात रुपया पडत होता, चांदवडला पडत होता, सुरतेत आणि मुर्शिदाबादेतही पडत होता.

असे का? शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली ती नागरी अक्षरांत, स्वतःच्या नावाने. ते स्वतंत्र राज्याचे निशाण होते. पुढे मराठ्यांचा कारभार हिंदुस्थानभर पसरला, तेव्हा चांदीच्या रुपयाची बाजारात एक ठरलेली सवय होती. सोळाव्या शतकात शेरशहा सूरने सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचा रुपया चालू केला, मोगलांनी तो उचलला आणि व्यापाऱ्याला त्या रूपाचाच रुपया ओळखीचा झाला. फौजेचा पगार, हुंडीची फेड, परमुलखातली खरेदी, सगळे त्याच रुपयात. ओळखीचे नाव बदलले तर सराफ बट्टा मागणार. म्हणून सत्ता मराठ्यांची आणि नाव बादशहाचे. इंग्रजांच्या कंपनीनेही तेच केले.

मग मराठ्यांचा रुपया ओळखायचा कसा? खुणेवरून. पुण्याच्या रुपयावर हत्तीचा अंकुश असतो, म्हणून त्याला अंकुशी रुपया म्हणत. त्यावर गावाचे नाव ‘मुहियाबाद पूना’ असे येते. मुहियाबाद हे औरंगजेबाने पुण्याला दिलेले नाव. पेशव्यांच्या राजधानीच्या नाण्यावर ते तसेच राहिले. चांदवडच्या रुपयावर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’, तर नाशिकच्या रुपयावर ‘गुलशनाबाद’. ही नावे वाचली नाहीत तर सगळी नाणी एका ढिगात ‘मोगलाई’ म्हणून जातात. महेश्वरी आणि विगिन्स या दोन अभ्यासकांनी मराठ्यांच्या टांकसाळींवर १९८९ मध्ये एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो चाळला म्हणजे या खुणांचा पसारा ध्यानात येतो.

आमच्या गल्लीतल्या एक वहिनी एकदा असाच एक रुपया घेऊन आल्या. सासूबाईंच्या देव्हाऱ्यात तो वर्षानुवर्षे होता, दर लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू लागायचे. घरात शिकलेला मुलगा म्हणाला, यावर उर्दू आहे. तेव्हापासून त्या बिचाऱ्या पेचात. मला विचारले, “भाऊ, हे तुमच्यातलं नाणं आहे का हो? देव्हाऱ्यात ठेवू की नको?” मी ते भिंगाखाली धरले. अक्षरे फारसी, बादशहा दिल्लीचा आणि कडेला अंकुश स्पष्ट उमटलेला. मी म्हटले, “वहिनी, हा पेशव्यांच्या पुण्याचा रुपया आहे. तुमच्या-आमच्यातला म्हणा हवं तर.” त्यांनी तो पदराला पुसला आणि परत नेऊन देवापाशी ठेवला. त्या दिवशी त्यांनी किंमत विचारली नाही. नाणे नीट वाचले नाही तर नुकसान केवळ पैशाचे होत नाही, हे मला अशा प्रसंगांतून कळत गेले.

नावासारखीच सालाचीही गोष्ट. फारसी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचायचे. एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे ठिपका, पाच बदामाच्या आकाराचा, सात इंग्रजी व्ही अक्षरासारखा आणि आठ म्हणजे तोच उलटा. साल बहुधा हिजरी असते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सौर वर्षापेक्षा लहान, म्हणून नुसती वजाबाकी-बेरीज करून भागत नाही. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले की जवळपासचे इसवी साल मिळते. १२१५ हिजरी म्हणजे सुमारे १८०० हे असे निघते.

आणि इथेच नवशिका फसतो. सुरतेच्या ज्या रुपयावर १२१५ हे हिजरी साल आणि ४६ हे राज्यारोहणाचे वर्ष आहे, तो कंपनीने पुढे कितीतरी वर्षे पाडला. मुंबईच्या वाफेच्या यंत्रावर पाडलेल्या गुळगुळीत रुपयांवरही १८२५ नंतर हेच आकडे आहेत. हे दोन आकडे एकमेकांशीही जुळत नाहीत. शाह आलम तख्तावर बसला ११७३ हिजरीत, म्हणजे त्याचे ४६ वे वर्ष १२१८ च्या आसपास यायला हवे. मग हा घोळ का? तर बट्टा! नव्या रुपयाला पहिल्या वर्षी पुरी किंमत मिळे, साल जुने झाले की चांदी तेवढीच असूनही सराफ बट्टा कापून घेत. शेतसारा भरणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा फटका बसे. त्यावर उपाय म्हणून कंपनीने सालच गोठवून टाकले. बंगालच्या मुर्शिदाबादी रुपयावर वर्षानुवर्षे १९ वे वर्षच चालू राहिले. तेव्हा सुरती रुपया १८०० चा म्हणून कोणी जास्त दाम सांगू लागला, तर आधी कड पाहावी. रेघांची किंवा यंत्राने गुळगुळीत केलेली असेल तर तो नंतरचा.

पुढे १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखाला एकच रुपया आला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच आपला जुना तोळा. सोनार आज तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात तो नव्हे. यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. त्यावर प्रथम चौथ्या विल्यमचा चेहरा, १८४० पासून तरुण व्हिक्टोरियाचा. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपले आणि १८६२ पासून मुकुट घातलेली राणी आली, तोच आपला राणीछाप रुपया. इथेही सालाची तीच तऱ्हा. १८६२ नंतर बरीच वर्षे रुपयावर १८६२ च राहिले, फरक मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांत. म्हणून या सालाचे रुपये पुष्कळ सापडतात, पण ठिपक्यांची एखादी मांडणी मात्र दुर्मीळ निघते. १८७७ पासून राणी जाऊन त्याच चेहऱ्याभोवती ‘एम्प्रेस’, म्हणजे सम्राज्ञी, हा शब्द आला.

१९०३ पासून सातव्या एडवर्डचा आणि १९११ पासून पंचम जॉर्जचा रुपया. १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावर हत्तीचे चित्र होते, पण सोंड इतकी आखूड पडली की लोकांना ते डुक्कर वाटले. हिंदुस्थानात असा रुपया कोण हाती धरील? नाराजी पसरली, नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ मध्ये सोंड लांब करून हत्ती नीट काढला. म्हणून १९११ चा रुपया १९१२ च्या रुपयापेक्षा नेहमी महाग. सहाव्या जॉर्जचा १९३८ चा रुपया सहज मिळतो, १९३९ चा फार दुर्मीळ. त्यामुळे १९३८ मधला आठ खरवडून नऊ केलेली नाणी बाजारात फिरतात. १९४० मध्ये महायुद्धाच्या काळात चांदी निम्म्यावर आली. उरलेल्यात तांबे, निकेल आणि जस्त. १९४६-४७ मध्ये चांदी संपली आणि निकेल आले.

मराठवाड्यातल्या घरांत आणखी एक रुपया निघतो, हैदराबादचा हाली सिक्का. चारमिनारच्या चित्राचा हा रुपया विसाव्या शतकाच्या आरंभी आला. मधल्या कमानीत एक अक्षर असते. ‘मीम’ असेल तर मीर महबूब अलींच्या काळातला, ‘ऐन’ असेल तर मीर उस्मान अलींच्या. एवढ्याशा अक्षरावरून निजाम कोणता ते कळते. वजन ११.१८ ग्रॅम, चांदी सुमारे ८२ टक्के. म्हणून तो इंग्रजी कलदारापेक्षा हलका धरला जाई आणि साधारण सात हाली देऊन सहा कलदार मिळत. १९५९ मध्ये तो व्यवहारातून कायमचा बाद झाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, किमतीचा. तिची पहिली पायरी म्हणजे चांदी. कलदार रुपयात निव्वळ चांदी सुमारे १०.७ ग्रॅम, हाली सिक्क्यात ९.१ ग्रॅम, १९४० ते १९४५ च्या रुपयात ५.८ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने गुणले की नाण्याची कमीत कमी किंमत आली. याहून कमी कोणी देत असेल तर नाणे परत खिशात घालावे. त्यापुढची किंमत तीन गोष्टींवर ठरते. तसे नाणे किती उरले आहे, ते किती झिजले आहे आणि ते हवे असणारे किती आहेत. जुनेपणा यात कुठे येत नाही, हे लक्षात घ्या. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. वय जवळजवळ दोन हजार वर्षे. पण ज्या जातीची नाणी अशी हजारोंनी सापडतात, तिचा भाव नुसत्या वयामुळे चढत नाही. उलट १९३९ चा रुपया शंभरीही गाठलेला नाही आणि त्याला लिलावात मोठी किंमत येते.

झीज पाहताना राणीच्या केसांची बट, मुकुटावरचे मणी, राजाच्या कानाची पाळी पाहावी. उंचवट्याचे भाग आधी झिजतात. हातघडणीच्या नाण्यांवर लहान-लहान टोचे दिसतात. ते चांदी आतपर्यंत खरी आहे ना, हे पाहण्यासाठी सराफांनी मारलेले. त्यांनी किंमत थोडी उतरते, पण नाणे खरोखर बाजारात फिरले याची ती साक्ष असते. हारात ओवण्यासाठी कडी लावलेली असेल, तर डाग दिल्याची खूण राहते आणि संग्राहक हात आखडतो. तरीही ती कडी तोडू नका. तो हार जसा आहे तसाच त्या घराचा इतिहास आहे.

सर्वांत मोठे नुकसान होते ते दिवाळीत. चिंच, रांगोळी, राख लावून रुपया लखलखीत केला जातो. वर्षानुवर्षांनी चढलेला काळसर पापुद्रा जातो, त्याबरोबर अक्षरांची धारही जाते. असे घासलेले नाणे जाणकाराला लगेच ओळखू येते. पूजेला नाणे ठेवा, हळदकुंकूही वाहा. पण घासू नका. कडेने धरा, साध्या कागदी पाकिटात ठेवा.

खोटी नाणीही बरीच आहेत. वजन करा, कड पाहा, पृष्ठभागावर बुडबुड्यांसारखी बारीक छिद्रे दिसली तर ते साच्यात ओतलेले समजा. कंपनीचे नाव आणि १८१८ साल असलेली राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमानाची ‘चमत्कारी नाणी’ विकायला येतात. कंपनीने तसे चलन कधी काढलेले नाही. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, असे सांगणाऱ्या जाहिरातींविषयी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच लोकांना सावध केले. आपले नाव वापरून फसवणूक चालते, आपण असे व्यवहार करीत नाही, असे तिने स्पष्ट केले. घेणारा जर तुमच्याकडेच आधी पैसे मागत असेल, तर समजून जावे.

कायदाही थोडा माहीत असावा. शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आणि शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणूनही नाही. शिकायचे असेल तर मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली नाणी पाहावीत. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० मध्ये नाणेशास्त्राची खास संस्था स्थापन झाली, ती याच महाराष्ट्रात.

शेवटी एक छोटे काम सांगतो. घरात जुना रुपया असेल तर आज एक चिठ्ठी लिहा : हा कोणाकडून आला, कोणत्या गावी, कोणत्या निमित्ताने. आजीला माहेरून मिळाला असेल तर तसे लिहा. बैल विकून आला असेल तर तेही लिहा. ती चिठ्ठी नाण्याच्या पाकिटात ठेवा. विकायची वेळ आलीच तर विका, त्यात कमीपणा नाही. पण वाचून, ओळखून आणि शक्यतो जमवणाऱ्याला विका. सराफाच्या मुशीत गेलेला रुपया दोन मिनिटांत नुसती चांदी होतो. मग त्यावर बादशहा कोण होता, अंकुश होता की चारमिनार, हे पुन्हा कोणालाही सांगता येत नाही.